पिवळ्या बदकाचा वास

मंगळवार, १२ मार्च. सकाळपासून कडक ऊन. नातीचा खालचा पहिला दात दिसला. दुपारी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. बदक सापडलं.

एवढं लिहून आजींनी पेनाला टोपण लावलं आणि ते प्लास्टिकचं बदक नाकाशी धरलं. पस्तीस वर्षं झाली तरी वास कायम होता. डोळे मिटले की दिवंगत आजोबा दारात उभे राहत, खेळण्यांच्या कारखान्यातून घामेजून आलेले. ते तिथे साच्याच्या यंत्रावर होते आणि लग्नाआधी आजी तिथेच बदकांचे डोळे रंगवायच्या. "बाई, तुमचं बदक तिरकं बघतंय," असं म्हणत ते पहिल्यांदा बोलायला आले. तिरकं नक्की कोण बघतंय, यावरून सगळा रंगविभाग हसला होता.

वास जितका कडक तितका माल ताजा, असं कारखान्यात म्हणायचे. लेक झाली तेव्हा आजोबांनी साच्यातून नुकतंच निघालेलं बदक घरी आणलं. डोळे आजींनी रंगवले.

आता नातीचे दात शिवशिवत होते. तेच बदक तिने चावावं, एवढीच आजींची हौस होती. त्या निघाल्या, तोच लेक आडवी आली.

"आई, ते नको."

"का गं? तू चावूनच मोठी झालीस की! शेपटीवर तुझेच दात आहेत, बघ."

"तेव्हा कुणाला ठाऊक होतं? हात लाव, चिकट लागतंय ना?"

"मघापासून तीनदा धुतलं मेलं. स्वयंपाकाचं तेल बसलं असेल."

"माळ्यावर कुठला गं स्वयंपाक? प्लास्टिक मऊ करायला जे घालतात ना, तेच हे. जुनं झालं की पाझरतं. बाळाच्या पोटात जायला नको. नव्या खेळण्यालाही असा उग्र वास आला की मी ते उचलतच नाही."

"उग्र म्हणे! त्याच वासावर हे घर उभं राहिलं."

आजी फणकाऱ्याने नळापाशी गेल्या आणि चौथ्यांदा बदक घासू लागल्या. फेस कोपरापर्यंत आला आणि त्यांचे हात थबकले. रोज संध्याकाळी आजोबा असेच उभे असायचे. लेक रांगत आली तरी मागे सरायचे. "थांब गं राणी, आधी हात धुऊ दे. दिवसभर प्लास्टिकच्या त्या तेलात होते." आजींना ती नुसती टापटीप वाटायची. नवंकोरं बदक कोरडं होतं. त्यातही तेच तेल आहे, हे आजोबांच्याही ध्यानात आलं नसावं.

आजी बाहेर आल्या. "घे. कळलं असतं तर तुझ्या बाबांनीही दिलं नसतं."

लेकीने शेपटीवरच्या खुणांवरून बोट फिरवलं आणि हळूच वास घेतला. "बाबा," ती पुटपुटली.

"आता हात धू," आजी म्हणाल्या, "मगच बाळाला घे."

संध्याकाळी त्यांनी वहीत लिहिलं: बदक काचेच्या बरणीत, वरच्या फळीवर ठेवलं. नातीला चावायला ओला सुती रुमाल दिला. साबण संपला, उद्या दोन वड्या आणणे.