ढुंढिराज साहेबांची स्थळपाहणी

ढुंढिराज साहेब नगररचनेतले बडे अधिकारी. उभी नोकरी नकाशावर पेन्सिल फिरवण्यात गेली, बुटाला कधी चिखल लागला नाही. एका पुढाऱ्याचं मंगल कार्यालय वाचावं म्हणून त्यांनी नवा रस्ता अलगद वाकवला आणि नेमका नवसाबाईच्या विहिरीवरून नेला. वर लिहून मोकळे, ‘प्रत्यक्ष पाहणी केली, विहीर आढळली नाही.’ वा रे पठ्ठ्या! त्याच विहिरीवर बाईची गुलछडी, शेवंती पिकत होती, चूल पेटत होती.

नवसाबाईने हरकत घेतली, ऑफिसचे उंबरे झिजवले. साहेब मानसुद्धा वर करेनात. शेवटी बाईची पुतणी निकिता हिने लोकायुक्तांकडे तक्रार करून दिली.

मुंबईला सुनावणी लागली. लोकायुक्त म्हणाले, “रस्ता कुठून न्यायचा हे मी ठरवणार नाही. ठरवताना नियम पाळले का, एवढंच बघणार. पाहणी कधी केलीत?”

साहेबांनी ऐटीत तारीख सांगितली. तो श्रावणातला दुसरा सोमवार निघाला. नवसाबाई ताडकन उठली.

“काय बोलता, साहेब! त्या सोमवारी मी त्र्यंबकला फुलं विकत व्हते. तुमी पांढरं धोतर नेसून बायकोसंगं नारायण नागबलीला बसलेले. विहिरीचं इचारलं तर म्हणले, ‘लांब हो, सुतक आहे, तीन दिवस गाव सोडता येत नाही!’”

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. रजा वाचवायची म्हणून या शहाण्याने पूजेचे तिन्ही दिवस पाहणी दौरा दाखवला होता! आता पाहणी खरी म्हणावी, तर सुतक मोडलं, नागाचा कोप ओढवला. आणि पूजा तर घरात नातवंड यावं म्हणून घातलेली.

“पूजा अर्धवट सोडून आलात का?” लोकायुक्तांनी विचारलं.

“छे छे! पूजा पूर्ण केली,” साहेब बोलून गेले.

बाईचं घर बुडवताना हात कापला नाही, आणि नागाच्या कोपाला भ्याला! थू तुझ्या जिनगानीवर, नवसाबाई मनात म्हणाली.

पाहणी नव्याने, बाईसमोर करावी, अशी लोकायुक्तांनी शिफारस केली. वरिष्ठांनी मुकाट्याने ती मानली आणि साहेबांनाच मळ्यात धाडलं. ‘विहीर आहे, पाणी आहे’ हे आता त्यांना स्वतःच्या हाताने लिहायचं होतं, म्हणजे रस्ता हटणार होता. साहेब कठड्यापासून चार हात लांबच थबकले.

“या की, साहेब, वाकून बघा,” नवसाबाई म्हणाली. “भ्यायचं काय त्यात? आत नाग नाय, नुसतं पाणी हाय.”