हळू मुसाफिर

जुन्या जालन्यातल्या सरकारी सराईच्या दरवाजात ते उभे राहायचे, उजवा हात छातीवर ठेवायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "या मुसाफिर. कुठून येनं झालं?"

यात नवल काही नाही. सराईच्या रखवालदाराने आणखी काय विचारायचं? नवल हे, की त्याच दिवशी सकाळी ज्यांना त्यांनी आपल्या हाताने भाकरी वाढलेली असे, त्यांनाही ते दुपारी तितक्याच अदबीने हेच विचारत. आणि ती माणसंही जणू खरोखरच लांबून आल्यासारखी थांबून, विचार करून उत्तर देत.

सगळं गाव त्यांना जमादार म्हणे. मीही तेच म्हणतो. मी तेव्हा हैदराबाद संस्थानच्या तहसील कचेरीत कारकून होतो. दफ्तर सगळं उर्दूत, घरात मराठी, आणि बाजारात दोन्हींची खिचडी. सराईत वाटसरूंसाठी सरकारातून पीठ, डाळ आणि सरपण मिळायचं. कोणीही यावं, तीन रात्री राहावं, पुढच्या वाटेला लागावं, असा कायदा होता. रेल्वे आल्यापासून वाटसरू कमी झाले होते, पिठाची मागणी मात्र कमी होत नव्हती. तेव्हा जरा पाहून या, म्हणून वरिष्ठांनी मला पाठवलं. आमची पहिली भेट ती.

मी दरवाजातच कामाचं बोलायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी बसा मुन्शीजी, मंग बोला."

ओसरीवर मोठी मोठी माणसं बसली होती. चाळिशीतला एक धिप्पाड गडी सरकीतून कचरा वेचत होता आणि प्रत्येक काडी सापडली की लहान पोरासारखा खुदखुदत होता. तो म्हादबा. पलीकडे एक बाई भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन डुलत होती. तिला बोलता येत नसे. तिला जमादार मैना म्हणत. असे आणखी काही पुरुष आणि बाया. कोणाचं वय वाढलं होतं पण बोलणं दोन-चार शब्दांवरच थांबलं होतं, कोणाला दिशा उमगत नव्हती, कोणाला अंगरख्याच्या गाठी मारता येत नव्हत्या. म्हादबाने माझी टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली, गंभीरपणे मान हलवली आणि परत माझ्या डोक्यावर ठेवली. मग मला जे बोलायचं होतं ते बोलावंसं वाटेना.

पिठाचं कोडं मला त्यांनीच उलगडून दाखवलं. तीन रात्री झाल्या की चौथ्या दिवशी सकाळी ते या सगळ्यांना घेऊन निघत. एकमेकांचे हात धरलेली ती मिरवणूक कापडबाजारातून कुंडलिकेवर जाई. तिथे आंघोळी होत, धुणं होई, वाळूत बसून गूळ-फुटाणे खाऊन होत. उन्हं वर आली की सगळे परत. जमादार पुढे धावत जाऊन दरवाजात उभे राहत आणि एकेकाला विचारत, कुठून येनं झालं? अशा रीतीने जुने वाटसरू गेले आणि नवे आले. कायदा बराबर राहिला. दुकानदारांना हे ठाऊक होतं. एखादा त्यांच्या ओच्यात बोरं टाकी, एखादा नाक मुरडी.

हे सुरू कसं झालं याचं मला फार कुतूहल होतं. गावात नाना गोष्टी होत्या. कोणी म्हणे जमादारांचा एक भाऊ असा होता, कोणी म्हणे नवस होता. मी विचारलं तेव्हा ते चुलीतली लाकडं सारत होते. म्हणाले, प्लेगाच्या साली एक कुटुंब इथे उतरलं होतं. त्यांना आगगाडीने मनमाडकडे जायचं होतं. बरोबर वयात आलेली एक मुलगी होती. ती इंजिनाला एवढी भ्याली की चार जणांना ओढूनही डब्यात चढेना. बाप हात जोडून म्हणाला, दोन दिवस सांभाळा, येतोच. तो आला नाही. जमादार रोज तिच्यासाठी भाकरी टाकत राहिले, उद्या येतील या हिशेबाने. तीच मैना. मग ही बातमी पसरली, आणि पहाटे दरवाजा उघडला की कधीकधी पायरीवर आणखी कोणी बसलेलं असे.

"मंग तुमचं लग्न, संसार?" मी विचारलं.

"याच्यात राहूनच गेलं पाहा," ते म्हणाले. जणू बाजारातून मीठ आणायचं राहून गेलं होतं.

एका आडत व्यापाऱ्याची त्या सराईवर नजर होती. स्टेशनाचा रस्ता जवळ, पडव्या ऐसपैस, कापूस ठेवायला उत्तम जागा. त्याने वर अर्ज केला की सराईत वेडे पाळले आहेत आणि मुसाफिरांचं अन्न तेच खातात. झालं. औरंगाबादेहून जिल्ह्याचे मुख्य अधिकारी, तालुकदार, स्वतः तपासणीला, मुआयन्याला आले. त्यांना मराठी कळे, पण बोलत उर्दूत. त्यांच्यामागे आमचे तहसीलदार, त्यांच्यामागे मी. तक्रार खरी ठरली तर जमादारांची नोकरी जाणार आणि ओसरीवरच्यांची रवानगी वेड्यांच्या कोठडीत होणार, हे कचेरीत आधीच ठरल्यासारखं होतं.

योगायोगाने तो नदीचा दिवस होता. ओल्या कपड्यांनी सगळे नुकते परतले होते. तालुकदारांनी विचारलं, हे लोक इथे कधीपासून आहेत? जमादार म्हणाले, "आत्ताच आले सरकार."

साहेबांनी म्हादबाकडे वळून त्याला विचारलं, कुठून आलास? म्हादबाने मनापासून विचार केला. "पाण्याहून," तो म्हणाला, आणि खुदखुदला.

साहेब हसले नाहीत. ते ओसरीवर बसले. मैनेने उठून त्यांच्यापुढे दोन्ही हातांनी पाण्याचा तांब्या ठेवला, तशी ती प्रत्येकापुढे ठेवी. साहेब ते पाणी प्यायले आणि जमादारांना म्हणाले, आता खरं सांग.

जमादारांनी खरं सांगितलं. प्लेगाच्या सालापासूनचं सगळं, कुंडलिकेच्या फेऱ्यांसकट. तहसीलदारांचा चेहरा उतरत गेला, कारण पीठ त्यांच्या सहीने येई. शेवटी साहेबांनी विचारलं, पागलांसाठी सरकारने वेगळी जागा केली आहे, हे तुला माहीत नाही काय?

"हे पागल न्हाईत सरकार," जमादार म्हणाले. "हे हळू हायेत. मुसाफिर हळू असला तं त्याला तीन रात्री पुरत न्हाईत."

साहेबांनी ओसरीवरच्या एकेकाकडे पाहिलं. मग निकाल न देताच उठले आणि गेले. त्यानंतरचे महिने आम्ही सगळ्यांनी धास्तीत काढले. जमादार तर प्रत्येक टांग्याच्या आवाजाने दाराशी येत.

हुकूम आला तो असा: सराईची पूर्वेकडची पडवी मोहताजखाना, म्हणजे निराधारांचं घर, समजावी. तिथल्या लोकांना धान्य, सरपण आणि वर्षाचे कपडे सरकारातून वेगळे मिळावेत. मात्र प्रत्येकाच्या नातलगांचा शोध घ्यावा, आणि ज्यांचे घेऊन जायला तयार असतील त्यांना घरी पाठवावं. जमादारांनी पहिला भाग ऐकला आणि डोळे मिटून घेतले. दुसरा भाग ऐकला आणि उघडले.

गावोगावच्या पोलीस पाटलांना निरोप गेले. बहुतेकांचं कोणी आलं नाही. मैनेचा भाऊ आला. भोकरदनच्या अंगाला धावडा म्हणून गाव आहे, तिथला शेतकरी. बाप मनमाडातच प्लेगाने गेला, आई खचली आणि मागाहून तीही गेली. हा तेव्हा तीन-चार वर्षांचा, चुलत्याने वाढवलेला. बहीण होती एवढंच त्याने ऐकलं होतं. मैनेच्या मनगटावरचं गोंदण पाहून तो म्हणाला, असंच माझ्या आत्याच्या हातावर आहे. आणि खाली बसून रडला.

जमादार त्याला म्हणाले की आधी राहा. त्याला त्यांनी पुऱ्या तीन रात्री ठेवून घेतलं. तो बहिणीजवळ कसा बसतो, तिने ताट उलटं केलं तर काय करतो, हे ते लांबून निरखत होते. त्याला नावं ठेवायला जागा सापडली नाही. मग सगळ्यांसाठी पुरणाचा घाट घातला आणि तिला पोचवायला ते स्वतः बैलगाडीत बसून गेले. धावड्याला मुक्काम ठोकून त्यांनी भावजयीला सगळं शिकवलं: हिला मागून हात लावू नका, धान्य पाखडतात तो आवाज हिला आवडतो, ताप आला की ही हसते. इकडे म्हादबा रोज दरवाजात जाऊन बसे.

ते परत आले. मी विचारलं, मैना फार रडली का? "न्हाई रडली," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मला वाटलं व्हतं, रडल."

पुढच्या सुगीत मला भोकरदनला काम निघालं. मी म्हटलं, चला जमादार, धावड्याला जाऊन येऊ. त्यांनी नवं धोतर नेसलं. वाटेत बाजारातून हिरव्या बांगड्या घेतल्या.

अंगणात कापसाचा ढीग होता आणि मैना भावजयीशेजारी बसून बोंडं सोलत होती. अंगाने भरली होती. केसांना तेल होतं. जमादार तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. तिने वर पाहिलं, आत गेली, दोन्ही हातांनी तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि परत बोंडं सोलायला बसली. मग काही तिने मान वर केली नाही. भावजय ओशाळली. म्हणाली, आज बावरली असंल, न्हाई तं सगळ्याईला वळखती. जमादार तांब्यातलं सगळं पाणी प्यायले. बांगड्या भावजयीच्या हातात दिल्या आणि निघाले.

गाडी शिवेबाहेर आल्यावर ते उतरून बैलांबरोबर चालू लागले. मीही उतरलो.

"वळखलं न्हाई तिनं मला," ते म्हणाले.

बरंच अंतर आम्ही तसेच चाललो.

"म्हंजी पोचली ती," ते म्हणाले. "मुसाफिर घरी पोचला की त्याला सराय कशाला याद राह्यल? बराबर झालं." आणि धोतराच्या सोग्याने त्यांनी तोंड पुसलं, उन्हाने घाम आला होता म्हणून असेल.

ते गेले हैदराबादेत फौजा आल्या त्याच्या आदल्या हिवाळ्यात. छातीत कफ झाला आणि आठवडाभरात सगळं संपलं. धामधुमीचे दिवस होते, पण मोहताजखान्याचं धान्य थांबलं नाही, कारण ते आता जमादारांच्या नव्हे, पडवीच्या नावाने येत होतं. नवा रखवालदार आला. तरुण, टापटिपीचा, मनाने चांगला. पहिल्याच दिवशी मला त्याने विचारलं, आधीचे जमादार कोणत्या खोलीत राहत? मला सांगता येईना. एवढ्या वर्षांत हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दुपारी तो पडवी झाडून घेत होता. भिंतीलगत ओळीने वाकळा अंथरलेल्या होत्या. म्हादबाच्या वाकळेशेजारी मधेच एक जागा मोकळी होती. त्याला ते वेडंवाकडं दिसलं. त्याने पुढच्या सगळ्या वाकळा सरकवून ओळ सरळ केली आणि पाणी आणायला गेला. म्हादबा उठला. पलीकडची एक बाई उठली. दोघांनी वाकळा पुन्हा ओढल्या, मधे एक माणूस आडवा होईल एवढी जागा केली, ती हाताने झाडली आणि आपापल्या ठिकाणी जाऊन बसले.