आंपारोने पाळलेले जंत

आंपारो लग्न होऊन तिहुआनाला आली आणि पहिल्याच आठवड्यात सासूने तिला जंतांचा काढा पाजला. सासू दोन्या चोले म्हणजे जंतांची हाडवैरीण. घरात सून येवो की कुत्र्याचं पिल्लू, आधी पोट साफ. ही सून तर वेराक्रूसच्या कॉफीच्या मळ्यांत अनवाणी वाढलेली. एपासोतेचा कडू पाला उकळून म्हातारी तिच्यासमोर ठाण मांडून बसली.

"नाक काय मुरडतेस? माझ्या घरात माणसांनी जेवायचं, जंतांनी नाही!"

आंपारोला तेव्हा हसू आलं होतं. पुढे काय वाढून ठेवलंय हे कुणाला ठाऊक असतं?

नवरा फिदेन्सियो सरहद्दीच्या कुंपणापलीकडे, अमेरिकेत गेला तो तिकडचाच झाला. रविवारी फोन तेवढा यायचा. टेकडीवरच्या दोन खोल्यांत सासू, सून आणि लेक मिरेया राहिल्या. खाली रस्त्यावर जायला जुने टायर मातीत पुरून केलेल्या पायऱ्या. मिरेयाला लहानपणापासून दमा. वाळवंटाकडून कोरडा वारा सुटला की तिचे खांदे वर चढायचे, बरगड्या आत ओढल्या जायच्या, डोळे आईला शोधायचे. मग दवाखाना, तोंडावर वाफेचा मुखवटा आणि पिशवीत दम्याच्या औषधाचा पंप. आंपारोचा अर्धा जीव त्या पंपात अडकलेला असायचा.

शहरात एका डॉक्टरच्या चिकित्सालयात ती झाडलोट करायची. तिथे कुंपणापलीकडचे लोक येत. कुणाला दमा, कुणाला शेंगदाण्याच्या वासानेही अंगभर गांधी. त्यांच्या देशात जे करायची परवानगी नव्हती ते करून घ्यायला ते इकडे येत. ते म्हणजे अंगात जंत सोडून घेणं. ओल्या पट्टीवर पाण्याचा एक थेंब, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या. पट्टी दंडाला बांधली की त्या कातडीतून आत शिरत आणि पोटात जाऊन बसत. शरीर जंतांशी भांडण्यात गुंतलं की धुळीशी भांडायचं विसरतं, असं डॉक्टर सांगायचा. अजून काही सिद्ध झालेलं नाही हेही सांगायचा, पण ते जरा हळू आवाजात.

अळ्या हव्यात तर कुणाच्या तरी पोटात जंत पाळायला हवेत, म्हणजे शीतून त्यांची अंडी मिळतात. डॉक्टरने धडधाकट आंपारोला विचारलं. तिच्या गावात जे सगळ्यांच्या पोटात फुकट वाढत होतं, ते इथे काचेच्या कपाटात जपून ठेवत होते. ती हो म्हणाली. रोज सकाळी झाकणाच्या डब्यात स्वतःची शी नेऊन द्यायची आणि पट्ट्या बांधायला मदत करायची, असं तिचं काम ठरलं. घरी मात्र अवाक्षर काढलं नाही. फक्त एपासोते घातलेला घेवडा खायचा तिने बंद केला.

"एपासोतेशिवाय घेवडा?" दोन्या चोले कडाडली. "त्यापेक्षा दगड उकळून वाढते तुला, महाराणी!"

एकदा पलीकडचा एक माणूस परत आला. पहिल्या खेपेला दोन जिने चढताना धापा टाकत होता, आता शीळ घालत वर आला. आंपारो त्याच्याकडे बघतच राहिली. जे परत आले नाहीत त्यांचं काय झालं, हे विचारायचं तिला सुचलं नाही. तिने डॉक्टरला गाठलं.

"माझ्या मुलीला द्याल?"

"लहान मुलांना नाही. तिचं रक्त वाढीला हवंय, जंतांना नको."

माणूस धंदेवाईक होता, पण तेवढं खरं बोलला. तिने ऐकलं नाही. एक पट्टी झग्याच्या खिशात लपवून घरी आणली आणि मिरेयाच्या दंडाला बांधली.

"खाजेल. खाजवायचं नाही. आणि आजीला सांगायचं नाही."

"का?"

"पाहुणे आहेत ते. आजी हाकलून देईल."

मिरेयाला हे भारी आवडलं. आईच्या कानाशी लागून ती रोज विचारायची, "पाहुणे जेवले का गं?"

आणि खरंच तिची छाती मोकळी झाली. जंतांमुळे, की त्या उन्हाळ्यात वारा बेताचा होता म्हणून, कोण सांगणार? आंपारोच्या मनात शंकाच नव्हती. शाळेत मातृदिनाला मिरेया नाचली. पूर्ण नाचली. टायरांच्या पायऱ्या पळत चढून आली आणि वर येऊन हसली. त्या हसण्यापुढे आंपारोला बाकी काही दिसेना. पिशवीतला पंप संपला होता. तिने नवा आणला नाही. इथे ती चुकली.

पोरगी पांढरी पडत चालली. दोन्या चोलेने तिची खालची पापणी ओढून पाहिली.

"हिच्या पोटात जंत झालेत."

"छे हो आई, वाढीचं वय आहे."

"मला शिकवतेस?"

शाळेत जंतांचं औषध द्यायला नर्स आली त्या दिवशी आंपारोने तापाचं निमित्त करून मिरेयाला घरी ठेवलं. म्हातारी कसली ऐकते! ती आरोग्य केंद्रातून बाटली घेऊन आली आणि सून कामावर गेली तशी नातीला चमचा पाजून मोकळी झाली. संध्याकाळी मिरेया पायऱ्यांवरच आईची वाट बघत बसली होती.

"आई, आजीने पाहुण्यांना घालवलं."

आत दोन्या चोले ऐटीत कमरेवर हात ठेवून उभी होती. "तुला जमलं नाही ते मी केलं." नवी पट्टी आणू, पुन्हा धरेल, एवढाच विचार आंपारोने केला. पंप तिला आठवलाही नाही.

आठवडा उलटायच्या आत वारा सुटला. भर दुपारी आंपारो एका परक्या माणसाच्या दंडाला पट्टी बांधत होती, तेव्हा शेजारणीचा फोन आला. ती हॉस्पिटलात पोचली तोवर मिरेयाला चादरीने झाकलं होतं. भिंतीला टेकून दोन्या चोले बसली होती, मुठीत पंप.

"दाबत होते गं," ती म्हणाली. "सारखी दाबत होते. काही येतच नव्हतं त्यातून."

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, औषध का बंद केलं?

नऊ दिवस शेजारच्या बाया जपमाळ घेऊन प्रार्थनेला आल्या. शेवटच्या दिवशी त्या गेल्यावर सासू-सून दोघीच उरल्या.

"एक बरं," म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "पोट साफ होऊन गेली माझी बाय. देवापुढे स्वच्छ गेली."

मग तिने सुनेकडे नीट पाहिलं. जवळ आली, अंगठ्याने तिची पापणी खाली ओढली.

"तूही पांढरी पडलीयेस, पोरी. तुला पण तेच झालंय. थांब."

ती उरलेली बाटली घेऊन आली. आंपारोच्या ओठांवर सगळं आलं होतं, पट्टी, पाहुणे, पंप. पण सांगितलं असतं तर म्हातारीने रिकामा पंप विसरून आपला चमचाच आठवला असता, आणि मरेपर्यंत तोच आठवला असता. आणि खरं सांगायचं तर सगळे आपल्याला काय म्हणतील याचीही आंपारोला भीती वाटत होती.

"तोंड उघड."

तिने उघडलं. गोड, दाट औषध घशाखाली उतरलं.

"मिरेयानेही असंच निमूट घेतलं होतं," दोन्या चोले म्हणाली, आणि तोंडाची चव जावी म्हणून तिने संत्र्याची एक फोड सुनेच्या हातावर ठेवली.