मधोमध आलेलं पान

आज सकाळी बातम्यांचं पान उघडलं, तर सगळा मजकूर मधोमध एका चिंचोळ्या पट्टीत आलेला, दोन्ही बाजूंना नुसतं पांढरं. एवढ्या रुंद मॉनिटरवर ते पान अंग चोरून उभं असल्यासारखं वाटलं.

हा मॉनिटर माझ्या नवऱ्याने, सुहासने, हौसेने आणला होता. "एवढी जागा वाया घालवतात लेकाचे!" म्हणत त्याने ब्राउझरमध्ये स्वतःच्या कोडच्या चार ओळी लिहिल्या आणि पान दोन रकान्यांत पसरवलं. डावा माझा, उजवा त्याचा. चहा घेत आम्ही शेजारी शेजारी वाचायचो. माझं वाचून होईपर्यंत तो पान सरकवायचा नाही. तो गेला, तरी पान रोज दोघांसाठीच उघडत राहिलं.

मुलीला फोन केला. म्हणाली, "आई, त्यांनी साइट बदललीय. बाबांच्या ओळी आता लागू पडत नाहीत. मी नव्या लिहून देऊ?"

"नको," म्हटलं.

इतके दिवस जे कुणी तोंडावर बोललं नाही, ते या पानाने सांगितलं. ते आता बरोबर एका माणसापुरतं आहे. वाचायचं तर खुर्ची मधे घ्यायला हवी.

चहा निवला. मी अजून डावीकडेच बसले आहे.