ओल्या घुमटाचा रिपोर्ट

शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून मी घुमटावर हातोडी मारत होते. ही हातोडी लहान असते, घड्याळजीच्या हातात शोभेल अशी. प्लास्टरने भिंत घट्ट धरलेली असेल तर टणक आवाज येतो. सुटलेलं असेल तर भद्द. मी दहा ठिकाणी मारली. आठ ठिकाणी भद्द आलं.

खाली फादर मान वर करून उभे होते. त्यांनी विचारलं, काय वाटतं. मी म्हटलं, रिपोर्ट सोमवारी देते. पण ते समजले. माणसं डॉक्टरच्या आणि इंजिनिअरच्या चेहऱ्याकडे आधी बघतात, रिपोर्ट नंतर वाचतात.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारत उभी राहील की नाही, हे सांगणं माझं काम. घर निर्मळला, ऑफिस वसईत, तीस वर्षं झाली. ही जागा वसईतल्या होळी भागाजवळच्या एका गावातली सिमिटरी. आमच्याकडे ख्रिस्ती शेजारी दफनभूमीला सिमिटरी म्हणतात, त्यांचं ऐकून आम्हीही तेच म्हणतो. तिच्या मधोमध चार दगडी खांबांची एक जुनी छत्री आहे. वर छोटा घुमट, खाली क्रूस आणि एक ओटा. गावातलं कोणीही गेलं की पेटी पुरायच्या आधी त्या ओट्यावर ठेवतात आणि शेवटची प्रार्थना म्हणतात. किती पिढ्या त्या ओट्यावर टेकून गेल्या, कोणी मोजलेलं नाही.

घुमटाला भेगा पडल्या होत्या. नोव्हेंबरात, मृतांच्या सणाच्या दिवशी, प्लास्टरचा एक तुकडा खाली पडला होता. कोणाला लागला नाही. एक कुटुंब छत्रीच्या जागी नवी स्लॅबची शेड बांधून द्यायला तयार होतं. चर्चच्या कमिटीला फक्त माझा कागद हवा होता. मी मनात तो लिहूनही टाकला होता : "पूर्वी कोणीतरी अर्धवट दुरुस्ती केलेली दिसते. रचना धोकादायक. उतरवून घ्यावी."

शिडीवरून उतरले तेव्हा इनासकाका कबरींच्या कडेची झेंडूची रोपं नीट करत होते. इनासकाका म्हणजे या गावातले जुने गवंडी. वय एक्याऐंशी. माझ्या सुरुवातीच्या काळात त्यांनी माझ्याबरोबर चार-पाच साइट केल्या होत्या. घरात त्यांची बोली वेगळी, माझ्याशी मात्र ते शाळेतलं मराठी जपून बोलत. त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "मॅडम, सही सोमवारीच करणार ना? मग शनिवारी आमच्याबरोबर सुरतेला चला."

गावातल्या म्हाताऱ्या मंडळींची सहल होती. सुरतेला जुन्या काळातल्या इंग्रजांच्या आणि डचांच्या कबरी आहेत, त्या बघायला. मी हसले. सिमिटरी बघायला गाडीत बसून सुरतेला कोण जातं? ते म्हणाले, "आम्ही जातो. आमचं वय झालं."

का कोण जाणे, मी हो म्हटलं. डायरीत 'साइट व्हिजिट' असं लिहिलं, म्हणजे मलाच बरं वाटावं.

शनिवारी सकाळी विरारहून सुरतेची पॅसेंजर धरली. आम्ही बारा जण, बहुतेक सत्तरीच्या पुढचे. डबा निम्मा रिकामा होता. नाताळ जवळ आलेला, थंडी पडलेली. बायकांनी कानावरून पदर घेतले होते. गाडी हलली आणि थोड्या वेळात वैतरणेच्या पुलावर आली. बाहेर धुकं इतकं दाट की खाली पाणी आहे हे फक्त रुळांच्या बदललेल्या आवाजावरून कळत होतं. वर आभाळ नाही, खाली नदी नाही. आमचा डबा दुधात ठेवल्यासारखा पुढे सरकत होता. मी तीस वर्षं पाया, खांब, तुळई याच भाषेत विचार केलेली बाई. त्या पुलावर दोन-तीन मिनिटं मला पाया आठवलासुद्धा नाही.

कोणीतरी डबे उघडले. तळलेले गोड फुगे, उकडलेली अंडी, आणि आमच्याच पट्ट्यातली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. एका आजीने सुकेळी माझ्या हातावर ठेवली आणि मी कुठल्या वाडीची ते विचारलं. सांगितल्यावर माझी आत्या तिची शाळेतली मैत्रीण निघाली. मग त्यांनी हळू आवाजात एक गीत धरलं. पालघर येईपर्यंत ते गीत विरत गेलं आणि एकेक मान खिडकीला टेकली. डहाणूनंतर मीही झोपले असणार. मध्येच डोळे उघडायचे. कधी चिकूच्या पाट्या घेतलेल्या बायका समोर बसलेल्या असायच्या, कधी त्यांच्या जागी फक्त ऊन. ही कोणत्या स्टेशनची माणसं, कोणत्या स्वप्नातली, मी विचार करायचं सोडून दिलं. समोर इनासकाका तेवढे जागे होते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बाहेर बघत होते. काहीतरी बोलायचं असलेला माणूस बसतो तसे.

सुरतेच्या स्टेशनातून रिक्षा केल्या. रस्ता सगळा कापडाच्या गाठींचा, टेम्पोंचा, हॉर्नचा. आणि त्याच्यातच एक फाटक. आत पाऊल टाकलं आणि आवाज मागे राहिला.

मी कबरी म्हणजे कमरेएवढ्या उंचीच्या बघितलेल्या. इथे कबरी म्हणजे इमारती. दुमजली, खांबांच्या, घुमटांच्या. मेलेल्या माणसांनी आपल्यासाठी एक लहानसं गाव वसवावं तशा. कमानींतून कमानी दिसत होत्या. निंबाची सावली भिंतींवर हलत होती, त्यामुळे भिंतीच हलतायत असं वाटायचं. घुमटाच्या खोबणीतून पोपट बाहेर यायचे आणि परत आत जायचे. आमची माणसं आपोआप हळू बोलायला लागली. प्रत्येक जण आपापल्या वाटेने भटकू लागला. मला दोन कमानींमधून एखादी नऊवारी जाताना दिसायची आणि नाहीशी व्हायची.

मी मात्र सवयीने भेगा बघत होते. भेगा होत्याच. रुंद, जुन्या, हात जाईल अशा. कागदावर मांडायचं तर यातली निम्मी बांधकामं मी धोकादायक ठरवली असती. पण ती उभी होती. आमच्या छत्रीहून कितीतरी थोरली, आणि निवांत उभी.

इनासकाका एका भिंतीपाशी थांबले होते. तिथल्या रखवालदाराला त्यांनी मोडक्या हिंदीत सांगितलं की मी गवंडी आहे, पन्नास वर्षं भिंतीच बांधल्या, एकदा हात लावू का. तो त्यांच्या हातांकडे बघून म्हणाला, लगाइए चाचा. काकांनी तळवा टेकवला. मग मला म्हणाले, "तुम्ही पण लावा."

मी हात ठेवला. भिंत कोमट होती, कोरडी. भाकरीच्या पाठीसारखी.

"आपली छत्री कशी लागते हाताला?" त्यांनी विचारलं.

ओली. ते मला आत्ता आठवलं. पाऊस थांबून दोन महिने होऊन गेलेले, तरी शिडीवर मी घुमट धरला तेव्हा हात गार झाला होता. मी तो ओढणीला पुसला होता आणि पुढचा ठोका मारला होता. मनातल्या रिपोर्टमध्ये त्याबद्दल एक शब्द नव्हता.

ते म्हणाले, ही चुन्याची भिंत आहे. चुना पाणी पितो आणि परत सोडतो. आपली छत्री आतून चुन्याचीच आहे, पण तिच्या अंगावर सिमेंटचा कोट आहे. पाणी भेगेतून आत जातं, बाहेर येऊ शकत नाही. माणसाला भर उन्हात रेनकोट घालून बसवल्यासारखं.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. भद्द वाजत होतं ते सिमेंट. चुन्याला सोडून नुसतं अंगावर राहिलेलं. आतला घुमट कसा आहे ते मला ठाऊकच नव्हतं. मी घुमट तपासलाच नव्हता, त्याच्यावरचा कोट तपासला होता. आधी लाज वाटली आणि मग, खरं सांगते, राग आला. मी विचारलं, कोणी केलं ते प्लास्टर?

काकांनी भिंतीवरचा हात काढला नव्हता.

"आपण, मॅडम. तुम्ही सांगितलं, मी केलं."

मला आठवेना. मग आठवायला लागलं, पण झोपेतून उठल्यावर स्वप्न आठवतं तसं, उलट्या क्रमाने. आधी सिमेंट कालवायचा पत्रा. मग माझी जुनी स्कूटर, फाटकाला टेकवलेली. मग तेव्हाचे वयस्कर फादर, ज्यांनी ऑफिसात येऊन सांगितलं होतं की छत्रीची कळा गेली आहे, जरा बघाल का. मी पंचवीसची होते. नवी पाटी, नवं लेटरहेड. आठवड्याभराचं काम, फाइलसुद्धा केली नव्हती. आणि समोर पन्नाशीचे इनासकाका म्हणत होते, चुनाच करू या, मी भिजवतो. त्यावर मी काय म्हणाले तेही आठवलं. म्हणाले होते, चुना आता कोण करतं, काका?

मी त्यांना विचारलं, तेव्हा आग्रह का नाही धरलात. आणि परवा शिडीखाली का नाही बोललात.

ते म्हणाले, "तेव्हा तुम्ही इंजिनिअर होता. परवा फादर होते ना उभे."

एवढंच बोलून ते पुढे गेले. मी त्या घुमटाच्या सावलीत पायरीवर बसले. ऊन दगडांवरून हळूहळू सरकत होतं. समोर एका लहान मुलाची कबर होती. नाव झिजलेलं, वय मात्र वाचता येत होतं, चार महिने. आमच्यातल्या दोघी आजी तिथे आल्या, त्यांनी चपला काढल्या आणि मृतांसाठीची प्रार्थना म्हटली. मी त्यांना सांगितलं की ही इंग्रज माणसं, तुमच्या पंथाची नव्हेत. त्यातली एक म्हणाली, त्याचं इथे कोणी येत नसेल ना. मग ती पुढच्या कबरीकडे वळली.

किती वेळ बसले होते ठाऊक नाही. एवढ्या वर्षांत कामाच्या दिवशी मी अशी नुसती बसले नव्हते. पोपट ओरडत होते, लांब कुठेतरी मागाचा खटखट आवाज होता. मला वाटत होतं की आपली चूकसुद्धा इथे आधीपासूनच येऊन बसली आहे, सावलीत, आणि मी येईपर्यंत वाट बघत होती. जेवायला हाक मारली तेव्हा उठले.

परतीच्या गाडीत उंबरगावच्या पुढे सूर्य ताडांच्या मागून आमच्याबरोबर पळत राहिला आणि मग दिसेनासा झाला. काका आता गाढ झोपले होते.

सोमवारी मी फादरांकडे गेले. रिपोर्ट तयार नाही, म्हटलं. मग सगळं सांगितलं, प्लास्टर कोणी सांगितलं होतं तेसुद्धा. फादर तरुण होते, इमारतीचा ताप त्यांच्या डोक्यावर होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "उद्या तो घुमट कोणाच्या अंगावर आला तर?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, म्हणून आजपासून तिथे कोणीही उभं राहायचं नाही. चार बाजूंनी टेकू लावते. सिमेंट काढते, मग आतला घुमट बघते. तो वाईट निघाला तर उतरवा म्हणून मीच सही करीन.

"हे कमिटीसमोर सांगाल?"

सांगितलं. कोणी रागावलं नाही, पण एका गृहस्थांनी विचारलं की पहिल्या वेळी तुमचं चुकलं, मग या वेळी भरवसा का ठेवायचा. मी टेकूंचा नकाशा पुढे ठेवला. शेडचं कुटुंब उन्हाळ्यापर्यंत थांबायला तयार झालं.

जानेवारीत कामण गावाकडचे दोन गवंडी आणून सिमेंट काढलं. छिन्नीने, हळू. खालचा चुना ओल्या फडक्यासारखा निघाला. पहिल्या आठवड्यात तर घुमटाला घाम येत होता. मग मी भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. ही जुनी युक्ती आहे. भेग हलत असेल तर काच तडकते. हलत नसेल तर काच तशीच राहते आणि इंजिनिअरला झोप लागते. मी पाच पट्ट्या लावल्या आणि दर दोन दिवसांनी बघायला जायचे. गावातल्या बायकाही येता-जाता काचा बघायच्या आणि मला फोन करायच्या.

मार्चच्या मध्यापर्यंत घुमट हाताला कोरडा लागू लागला. चार काचा शाबूत राहिल्या. पाचवी, ईशान्येच्या खांबावरची, एका सकाळी तडकलेली दिसली. मी लगेच शिडी लावली. पण ती भेग फक्त त्या कोपऱ्यापुरती होती. तो कोपरा उतरवून त्याच दगडांनी परत चढवला. बाकीचा घुमट चांगला होता. काकांनी खुर्ची टाकून चुना भिजवून घेतला. चुन्यात गूळ किती, वाळू किती, हे ते सांगायचे आणि मी वहीत लिहायचे. कामणचे गवंडी आधी हसत होते. नंतर त्यांनीही फोनमध्ये फोटो काढून घेतले.

पावसाळ्याआधी छत्रीखाली परत प्रार्थना सुरू झाल्या. ऑगस्टमध्ये एका जागी थोडं पाणी आलं. मी धावत गेले तर काका म्हणाले, दोन पावसाळे जाऊ द्या, चुना आपली भेग आपण बुजवतो. ते खरं आहे की माझी समजूत काढत होते, अजून कळलेलं नाही. शेड त्या कुटुंबाने फाटकापाशी बांधली, लोकांना बसायला.

त्यानंतर मी माझ्या रिपोर्टच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला आहे. 'आधीची दुरुस्ती कोणी केली?' तो भरल्याशिवाय मी सही करत नाही. आतापर्यंत दोन इमारतींच्या बाबतीत तिथे माझंच नाव लिहावं लागलं आहे.