फिनलंडकर कुणाचा?

अमेरिकेतल्या मराठी घरात दह्याच्या रिकाम्या डब्यांचं एक कपाट असतंच. डबे टाकवत नाहीत, झाकणं जुळत नाहीत, आणि कपाट उघडलं की एक-दोन अंगावर येतात. आमच्या हॉकी पूलच्या किश्श्यांचं तसंच झालंय. कुणी नुसतं "यंदा ड्राफ्ट कधी?" असं विचारलं, तरी तीन-चार बाहेर पडतात. म्हटलं, एकदा सगळे काढून ओट्यावर मांडावेत.

आम्ही नेपरव्हिलचे आठ जण. हॉकी म्हणजे बर्फावरची. सीझन ऑक्टोबरला सुरू होतो, एप्रिलला संपतो. ड्राफ्टच्या दिवशी प्रत्येकाने खऱ्या लीगमधले पंधरा खेळाडू आळीपाळीने निवडायचे. तुमच्या खेळाडूने गोल केला तर तुम्हाला एक पॉइंट, दुसऱ्याला पास देऊन गोल करवला तरी एक. या खेळाला इथे पूल म्हणतात. मी शीट सांभाळते, म्हणून मला कमिशनर म्हणतात. दिवसभर लॅबमध्ये नमुन्यांना लेबलं लावते, घरी येऊन खेळाडूंना लावते.

पहिल्या येणाऱ्याला काहीही मिळत नाही. शेवटच्याला मात्र मिळतो सोऱ्या! चांगला पितळी, जड, दोन्ही हातांनी फिरवायचा. तो वर्षभर आपल्या घरी ठेवायचा आणि दिवाळीला सगळ्या घरांच्या चकल्या करायच्या. यंदा तो माझ्याकडे आहे.

* * *

पूल सुरू झाला त्या वर्षी आमच्यातल्या मंदारने पुण्याला आईला फोनवर सांगितलं, "आई, आम्ही मित्रांनी मिळून पूल केलाय."

त्याच्या आईला, शैलाकाकूंना, आनंद झाला. मुलगा इतकी वर्षं कॉम्प्युटरवर नक्की काय करतो हे त्यांना कधी कळलं नव्हतं, पण पूल कळतो. त्यांनी सोसायटीत सांगितलं. खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त इंजिनिअर पेढे घेऊन वर आले आणि नदी कुठली म्हणून विचारू लागले.

काकूंनी फोन लावला. "मंदार, तुझा पूल कुठल्या नदीवर आहे रे?"

"आई, हॉकीचा पूल. खेळ आहे तो."

काकू म्हणाल्या, "बरं. पण मी पेढे घेतलेत, आता कुणाला काही सांगू नकोस."

* * *

गेल्या सप्टेंबरात काकू सहा महिन्यांसाठी इकडे आल्या. आम्ही तेव्हा सातच होतो, आठवं कुणी मिळत नव्हतं. काकूंना घेतलं. त्यांनी खेळाडूंचे फोटो मागितले आणि ज्यांनी दाढी नीट कोरली होती तेवढे निवडले. मंदार म्हणाला, "आई, अशी टीम करत नाहीत." डिसेंबरपर्यंत त्या दुसऱ्या नंबरवर होत्या.

टीव्हीवर पहिला सामना बघताना एकाने दुसऱ्याला काठीने पाडलं. पंचांनी त्याला बाहेर काढून काचेच्या खोक्यात बसवलं.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"पेनल्टी. चूक केली की दोन मिनिटं तिथे बसायचं."

"दोनच? मंदारला मी अख्खी दुपार बसवायचे!"

मंदारने टीव्हीचा आवाज वाढवला. तो पंचेचाळीस वर्षांचा आहे, त्याच्या हाताखाली अकरा माणसं आहेत.

* * *

आता ड्राफ्टचा किस्सा. इथून पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

प्रशांत नागपूरचा. मंदार आणि तो इथे एकाच विद्यापीठात शिकले, दोन वर्षं एका खोलीत राहिले. मंदार ड्राफ्टला रंगीत प्रिंटआउट घेऊन येतो, हिरवे, पिवळे, लाल असे कप्पे पाडून. प्रशांत पोहे खायला येतो.

मंदारच्या यादीत सगळ्यात वर एक फिनलंडचा डिफेन्समन होता. त्याचं आडनाव इतकं लांब की सतरा अक्षरांनंतर आम्ही नाद सोडला आणि त्याला फिनलंडकर म्हणायला लागलो. मंदार तीन महिने त्याचा अभ्यास करत होता. निवडीत प्रशांतची पाळी आधी, मंदारची लगेच पुढची. मंदार चहा आणायला उठला. यादी टेबलावर उलटी ठेवून गेला, पण कागद पातळ होता.

"माझा फिनलंडकर!" प्रशांत म्हणाला.

मंदार तिथेच कप घेऊन उभा राहिला. "तू माझी लिस्ट पाहिलीस."

"मी पाहिली नाही ना बे! दिसून राहिली होती!"

मंदारने अबोला धरला. पंचविशीतल्या मुलींसारखा नाही, चांगला पुणेरी अबोला. म्हणजे नमस्कार होतो, "पोहे वाढा" म्हणता येतं, पण थेट त्या माणसाला नाही. जे काही सांगायचं ते तिसऱ्याला. आम्हाला वाटलं आठवडाभर चालेल. काकू म्हणाल्या, "हा लहानपणी मामाशी चार वर्षं बोलत नव्हता."

* * *

इरा माझ्या नणंदेची मुलगी. जन्मली इथेच, चोवीस वर्षांची, फिजिकल थेरपिस्ट आहे. पूलमध्ये खरी हॉकी खेळलेली ती एकटीच. नोव्हेंबरात ती आम्हा सगळ्यांना रिंकवर घेऊन गेली. "यू गाइज टॉक अ लॉट. एकदा बर्फावर उभे राहून दाखवा."

प्रशांत कडेचा कठडा सोडेना. मग सोडला, तीन पावलं गेला, हातपाय चारी दिशांना झाले आणि समोर जो आला त्याला त्याने मिठी मारली. समोर मंदार होता. मंदारलाही काही येत नव्हतं, त्यामुळे त्याला सुटता येईना. दोघे रिंकच्या मधोमध एकमेकांना धरून थरथरत उभे.

मंदार ओरडला, "इरा, त्याला सांग माझी बाही सोड म्हणावं!"

प्रशांत ओरडला, "इरा, त्याले म्हण, सोडली तर दोघंही पडू!"

इरा त्यांच्याभोवती सावकाश एक चक्कर मारून आली. "काका, ही इज राइट देअर. टेल हिम युअरसेल्फ."

दोघांनीही सांगितलं नाही. तिने त्यांना तसंच जोडीने ढकलत कठड्याला आणून लावलं.

* * *

डिसेंबरच्या सुरुवातीला फिनलंडकरचं बोट मोडलं. दीड महिना बाहेर, अशी बातमी आली. प्रशांतने लगेच त्याला टीममधून काढलं आणि दुसरा घेतला.

इथे एक नियम सांगायला हवा. नवा खेळाडू घ्यायचा तर आपला एक सोडावा लागतो. सोडलेला खेळाडू दोन दिवस एका यादीत लटकतो. त्या यादीला वेव्हर म्हणतात. त्याला उचलायचा पहिला हक्क तळाच्या टीमचा, तिला नको असेल तर तिच्या वरच्या टीमचा, अशी चढती रांग. फिनलंडकरला कुणीच उचलेना. मोडक्या बोटाचा डिफेन्समन घेऊन करायचं काय?

काकूंना मात्र हे पटलं नाही. "एक बोट मोडलं म्हणून माणूस टाकून देतात? आणि सहा आठवड्यांनी ते जुळल्यावर?"

शेवटच्या तासाला शीटवर ओळ आली. घेतला : फिनलंडकर. टीम : मंदार.

फिनलंडकर जानेवारीत परतला तो असा काही खेळायला लागला की मंदार थेट पहिल्या नंबरवर गेला. प्रशांत तळाला. मंदारने मला फोन करून सांगितलं, "त्याला म्हणावं, कणीक जरा सैल भिजव, चकली तुटत नाही." चकलीला कणीक लागत नाही हे मी त्याला सांगितलं नाही.

* * *

जानेवारीच्या शेवटी, एका मंगळवारी दुपारी, प्रशांतने ग्रुपवर लिहिलं, "दोस्तहो, मला वेव्हरवर टाकलंय."

आम्ही हसलो. मी हसून रडणारे तीन चेहरे पाठवले. इराने लिहिलं, "हू इज पिकिंग हिम अप? नॉट मी!" मग पाच मिनिटांनी प्रशांतच्या बायकोने, रश्मीने, मला वेगळा मेसेज केला. त्याची नोकरी गेली होती. त्याच्या व्हिसाला साठ दिवस होते. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली नाही तर घर आवरून नागपूर. मुलगी दुसरीत आहे.

ते तीन चेहरे मी नंतर डिलीट केले. सगळ्यांनी आधीच पाहिले होते. मला फार लाज वाटली, अजून वाटते.

सगळ्यांनी काही ना काही लिहिलं. मंदारने काहीच लिहिलं नाही. दोन दिवसांनी मी त्याला फोन केला, कारण त्याच्या टीममध्ये एक जागा रिकामी आहे हे मला माहीत होतं. तो म्हणाला, "आमच्याकडे हायरिंग फ्रीझ आहे, नवी भरती बंद," आणि मग बराच वेळ गोलकीपरबद्दल बोलत राहिला. मी फोन ठेवला आणि इराला सांगितलं. ती म्हणाली, "मामी, आय ऍम नॉट टॉकिंग टू हिम आयदर." झालं. म्हणजे अबोले दोन झाले.

* * *

प्रशांतने दिवस मोजायची गंमत केली. रोज सकाळी ग्रुपवर फक्त आकडा. एक्केचाळीस. चाळीस. एकोणचाळीस. विसाच्या खाली गेल्यावर त्याने ते बंद केलं.

एकदा मला विचारलं, "कमिशनर, सीझन एप्रिलपर्यंत आहे. माझे दिवस मार्चात संपून राहिले. नागपूरहून टीम चालवता येते का?"

मी नियम पुन्हा वाचल्यासारखं केलं. "पत्त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"आणि शेवटचा आलो तर?"

"तर सोऱ्या तुझा."

"मग तो बॅगेत टाकतो. चकल्या कुरिअरने पाठवीन ना बाप्पा. तुमच्याकडे चुरा पोचेल, पण चव तीच!"

काही मुलाखती झाल्या. एक चौथ्या फेरीपर्यंत गेली आणि मग त्या लोकांनी उत्तर देणंच बंद केलं. रश्मीने मुलीच्या शाळेत दाखल्याची चौकशी केली. मी शनिवारी खोकी बांधायला जायचं कबूल केलं. घराघरांतून खोकी गोळा करायला गेले तेव्हा मंदार घरी नव्हता. काकू म्हणाल्या, "रोज सातची ट्रेन पकडतो, आठला येतो, जेवताना बोलत नाही. साहेबाशी भांडण चाललंय वाटतं. मी विचारलं नाही." मीही विचारलं नाही. मला राग आला होता आणि खोकी गाडीत बसत नव्हती.

* * *

त्रेपन्नावा दिवस. शनिवार. बाहेर अजून बर्फ होता. मी प्रशांतच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून भांडी कागदात गुंडाळत होते. रश्मी टेप लावत होती. प्रशांत पुस्तकांचं खोकं उचलून बघत होता, जड झालं का म्हणून. माझा फोन वाजला. शीटवर कुणीतरी नवी ओळ टाकली की मला तसं कळतं.

टीम : मंदार.

घेतला : प्रशांत.

सोडला : फिनलंडकर.

चौथा रकाना कारणाचा. तो कुणीच भरत नाही. मंदारने भरला होता : "ऑफर लेटर काल रात्री पाठवलंय. त्याला सांग, स्पॅम बघ म्हणावं."

मी प्रशांतला सांगितलं. त्याने खोकं खाली ठेवलं. फोन काढला, बराच वेळ वर-खाली केला. मग रश्मीसमोर धरला. रश्मीने वाचलं आणि ती टेपचं रीळ हातात घेऊन तिथेच खोक्यावर बसली. रडली. मीही रडले. प्रशांत खिडकीपाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मला वाटलं, आता तरी तो मंदारला फोन करेल. पाठमोराच तो फोनवर काहीतरी टाइप करत होता. बरंच मोठं असावं. मी कागद गोळा करायला लागले, उगाच त्यांच्यामध्ये नको म्हणून.

माझा फोन पुन्हा वाजला.

टीम : प्रशांत.

घेतला : फिनलंडकर.

कारण : "तळाला आहे. पहिला हक्क माझा."

पुढच्या मिनिटाला मंदारचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"अनघा, हे नियमात बसतं का?"

"बसतं."

"अगं, पण मी पहिला आहे! अजून तीन आठवडे आहेत! मी त्याला सोडला तो काय ह्याच्यासाठी?"

"मग कशासाठी सोडलास?"

पलीकडे मागून काकूंचा आवाज आला, "कोण रे? प्रशांत का? त्याला म्हणावं संध्याकाळी जेवायलाच या सगळे."

प्रशांत खिडकीपासून वळला. डोळे लाल होते आणि तो हसत होता.

"ठीक आहे," मंदार म्हणाला. "त्याला सांग, मजा कर म्हणावं. सोमवारी माझ्या टीममध्ये येतोय ना, मग बघतो!"