आधी परत आणून दाखवा

मीटिंगच्या खोलीत जावईसाहेबांनी करार माझ्यापुढं सरकवला आणि वर स्वतःचं पेन ठेवलं.

"सगळं ठरलंय, मॅडम. कॉम्प्युटर विभागाची म्हणून तुमची सही तेवढी राहिली."

"मी सही करत नाही," मी म्हटलं.

आमची कंपनी दुधाची आणि पशुखाद्याची. मुख्य कार्यालय कोल्हापुरात, खाद्याचा कारखाना शिरोली एमआयडीसीत, आणि दूध गोळा करणारी केंद्रं पार वारणेपासून कर्नाटकच्या हद्दीपर्यंत पसरलेली. मालक म्हणजे मोठे साहेब. त्यांचे जावई पैशाचा कारभार बघतात. मी कॉम्प्युटर विभाग बघते. या सगळ्या ठिकाणच्या माहितीची रोज एक प्रत काढून सुरक्षित ठेवायची, म्हणजे बॅकअप घ्यायचा, त्यासाठी नवी यंत्रणा निवडायची होती. जावईसाहेबांनी पुण्याची एक कंपनी आधीच निवडली होती. तिचा माणूस समोरच बसला होता, नीट इस्त्री केलेला शर्ट घालून.

"मॅडम, तुमचा डेटा आमच्याकडे शंभर टक्के सुरक्षित असेल," तो म्हणाला.

"असेल. पण परत कसा येणार?"

"अर्थातच येईल."

"मग आणून दाखवा. आमच्या केंद्रावर, आमच्यासमोर. मी येतो तिथं."

'मी येतो' ऐकून तो गालात हसला. आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. मी तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं.

मी एवढी अडून बसले त्याला कारण होतं. आदल्या वर्षी एका ईमेलमधून व्हायरस शिरला आणि आमच्या सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या. बॅकअप होता की! पण तो त्याच सर्व्हरला जोडलेल्या डिस्कवर होता, त्यामुळं तोही गेला. शेतकऱ्यांनी घातलेल्या दुधाची नोंद उरली ती फक्त त्यांच्या घरातल्या चिठ्ठ्यांवर. केंद्रावर टेबल टाकून मी त्या गोळा करत बसले होते. एका बाईनं चिठ्ठ्यांचा चुरगळलेला गठ्ठा माझ्यापुढं आपटला. "माझ्या म्हशीचं दूध तुमच्या मशीननं प्यालं व्हय?" रांगेतल्या प्रत्येकाला आपलं खरं असल्याचं माझ्यासमोर सिद्ध करावं लागत होतं, आणि चूक तर आमची होती.

मीटिंगमध्ये टेबलाच्या टोकाला बसलेले मोठे साहेब आता पुढं सरकले. "अवं मॅडम, एवढा हट्ट कशापायी? जावई काय खुळा हाय?"

"नाही साहेब. पण उद्या केंद्रावर शिव्या खायला ते जाणार नाहीत, मी जाणार."

जावईसाहेबांचा चेहरा उतरला. "मग सहीसाठी दुसरं कुणीतरी बघावं लागेल," ते म्हणाले.

"बघा. माझा राजीनामा घ्या आणि बघा. पण परत आणून दाखवल्याशिवाय सही मिळणार नाही."

खुर्ची मागं सारून मी बाहेर पडले. गाडीत जाऊन बसले. घराचे हप्ते आठवले, मुलीचं कॉलेज आठवलं. तरी परत आत जावंसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांचा फोन आला. "या की. करून टाकू तुमची परीक्षा. मीबी येतो बघायला."

परीक्षेसाठी मी मुद्दाम हद्दीवरचं केंद्र निवडलं. तिथले केंद्रप्रमुख मला अक्का म्हणतात, निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी बोलतात. सकाळचं दूध आटोपल्यावर एक जादा कॉम्प्युटर पूर्ण कोरा केला आणि पुण्याच्या माणसाला म्हटलं, आता आणा. त्यांच्या सगळ्या प्रती लांब कुठंतरी ठेवलेल्या, इंटरनेटवरून यायच्या. पडद्यावरची हिरवी पट्टी हलता हलेना. आमची जेवणं झाली, मोठ्या साहेबांची डुलकी झाली, संध्याकाळच्या दुधाच्या किटल्या दारात येऊन लागल्या, तरी पट्टी निम्म्यावरच.

"आज लाईन जरा खराब आहे," तो म्हणाला.

"आज न्हवं ओ पावणं, रोजच अशी असतीया," केंद्रप्रमुख म्हणाले.

परीक्षेला मी दुसऱ्या एका कंपनीची यंत्रणाही ठेवली होती, ती माझ्या पसंतीची. प्रत्येक केंद्रावर एक छोटा डबा, त्यात एक प्रत, आणि दुसरी प्रत लांब. दुसऱ्या दिवशी तिची पाळी. चहा संपायच्या आत सगळं परत आलं. मी ऐटीत दुधाचा प्रोग्रॅम उघडला. आत काहीच नव्हतं. नावं नाहीत, लिटर नाहीत, नुसत्या मोकळ्या चौकटी.

जावईसाहेबही बघायला आले होते, ते मोठ्यानं हसले. "तुमचंबी पडलं की!" मोठे साहेब म्हणाले.

माझे कान तापले. पण मी मान खाली घातली नाही. "पडलं, साहेब. दोन्ही पडली. आधीच दोघांपैकी कुणाच्याही करारावर सही केली असती, तर हे आपल्याला कधी कळलं असतं?"

मोठे साहेब खुर्चीतून उठले. मग जावयांकडं बघून म्हणाले, "पुन्हा लावा परीक्षा."

प्रत निघत असताना आमचा प्रोग्रॅम चालूच राहायचा, म्हणून अर्धवट फाईल जात होती. ते दुरुस्त करायला आम्हांला बरेच दिवस लागले. पुन्हा हद्दीवर गेलो, पुन्हा कॉम्प्युटर कोरा केला. या वेळी त्याच सकाळचं दूध पडद्यावर आलं. केंद्रप्रमुख पुढं वाकले आणि त्यांनी आपल्याच गाईची नोंद शोधली. "हां अक्का, फॅटसकट हाय!"

मी तिथंच, किटल्यांच्या शेजारी उभी राहून सही केली. पण आधी करारात दोन अटी हातानं लिहिल्या. लांबची प्रत आमच्या रोजच्या पासवर्डनं कुणाला पुसता येणार नाही, म्हणजे व्हायरस शिरला तरी ती वाचेल. आणि दर महिन्याला कुठल्यातरी एका केंद्राचा डेटा खरोखर परत आणून बघायचा.

जावईसाहेब अजून मला टोमणे मारतात. परवा दिवाळीच्या गडबडीत म्हणाले, "मॅडम, या महिन्याची ती परीक्षा राहू दे की. चालतंय तर सगळं."

"चालतंय हे तुम्ही बघितलंय का?" मी विचारलं.

त्यांनी मान फिरवली. मी गाडीची किल्ली उचलली. या महिन्यात बिद्रीकडच्या केंद्राची पाळी होती.